गिऱ्हाइकं मोजली, घरचा माणूस राहिला: खान्देशातलं एक प्रकरण

कंडोम वापराची नोंद जवळजवळ शंभर टक्के. दर सहा महिन्यांची तपासणी एकदाही चुकलेली नाही. देहविक्रयाच्या धंद्यात नव्यानं आलेल्या बायकांना मॉडेलवर कंडोम चढवून दाखवायचा असेल तर हीच पुढे. आणि नेमकी हिचीच एचआयव्ही तपासणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची शक्यता दिसली. आमच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पाच्या बैठकीत पहिलं वाक्य आलं ते ‘एखादा फाटला असेल’ हे. तसं होऊ शकतं. पण इथे उत्तर दुसरीकडे होतं, आणि ते आमच्या कागदांवर बराच काळ अर्धवट दिसतही होतं.

सुरुवातीलाच एक खुलासा. या लेखातली बाई एकच एक नाही. जळगाव-धुळे पट्ट्यात या कामात जे पुन्हापुन्हा समोर येतं, ते एका प्रकरणात बांधलं आहे. गाव, वय, नातीगोती ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. तिला आजूबाजूच्या बायका अक्का म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गाव आणि धंदा

सुरत-नागपूर महामार्ग नवापूरकडून खान्देशात शिरतो आणि धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत मुक्ताईनगरकडे निघून जातो. धुळ्याला त्याला मुंबई-आग्रा महामार्ग छेदतो. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे जातात, दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की बाहेरचे मजूर येतात, भुसावळला रेल्वेचं मोठं जंक्शन. माणसांची एवढी ये-जा जिथे, तिथे हा धंदा असतोच. फक्त तो आता जुन्या वस्त्यांमध्ये कमी आणि भाड्याच्या खोल्या, लॉज, ढाबे आणि मोबाइल यांच्यात जास्त विखुरला आहे.

एचआयव्ही प्रतिबंधाचा सरकारी कार्यक्रम मुळात ठरलेल्या जागांवर बेतलेला आहे. बायका कुठे उभ्या राहतात ते ‘स्पॉट’ शोधायचे, त्यांचा नकाशा करायचा, त्यांच्यातलीच एक पीअर म्हणून निवडायची (साधारण ६० बायकांमागे एक), आणि तिच्यामार्फत कंडोम, तपासणी, दवाखाना पोहोचवायचा. कोलकात्याच्या सोनागाचीत आणि आपल्याकडे सांगलीत १९९२ पासून झालेल्या कामानं दाखवून दिलं की हे काम बायकांनी स्वतः हातात घेतलं तर चालतं, बाहेरून येऊन उपदेश केल्यानं नाही. ती शहाणीव कार्यक्रमात आली हे चांगलंच झालं. पण फोनवर ठरणाऱ्या व्यवहाराला स्पॉट नसतो. अक्का कुठेच उभी राहत नाही. तिचे ठरलेले लोक फोन करतात, ती लॉजवर जाते किंवा एका ओळखीच्या बाईच्या खोलीवर जाते आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी टाकते. शेजाऱ्यांना ती ‘कंपनीत कामाला’ आहे.

ती या कामात कशी आली, हे ऐकायची लोकांना फार हौस असते. थोडक्यात सांगायचं तर नवरा सोडून गेला, कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या मजुरीत मुलीचं शिक्षण आणि डोक्यावरचं कर्ज भागेना. तिला कोणी फसवून आणलं नाही. ती स्वतः तसं सांगते आणि त्यावर अविश्वास दाखवला की चिडते.

नोंदवहीत काय होतं

प्रकल्पाच्या कार्डावर आठवड्याला किती गिऱ्हाइकं, किती कंडोम लागतील, किती दिले, किती दुकानातून घेतले हे सगळं होतं. तिचा हिशेब तंतोतंत जुळायचा. दर तीन महिन्यांची वैद्यकीय तपासणी वेळेवर, सिफिलिसची तपासणी निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह.

त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला दुसरी एक गोष्ट होती. वर्षभरात तिला अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास पुन्हापुन्हा झाला होता. एकदा हिरवी किट दिली, म्हणजे सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. पुढच्या खेपेला डॉक्टरांना आतून तपासताना गर्भाशयाच्या मुखाला सूज दिसली म्हणून करडी किटही दिली, म्हणजे अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. बरं वाटलं. काही आठवड्यांनी परत तेच. दर वेळी ‘जोडीदाराला उपचार’ या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलेलं. कारण कार्डावर जोडीदारच नव्हता, सगळी गिऱ्हाइकंच होती.

माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा त्या दोन शब्दांत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर कंडोम वापरणाऱ्या बाईला लैंगिक आजार परत परत होत असेल, तर आधी दोन शक्यता तपासायला हव्यात: हिशेब खोटा आहे किंवा हिशेबाबाहेर कोणीतरी आहे. अक्काचा हिशेब खोटा नव्हता. दवाखान्याची नोंद आणि कंडोमची नोंद एकाच कार्डाच्या दोन बाजूंना होत्या आणि दोन वेगळी माणसं त्या भरत होती. कार्ड उलटून दोन्ही बाजू एकत्र वाचणं हे कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं.

आता थोडं आकड्यांविषयी. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.५६ टक्के होतं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ०.२२ टक्के. म्हणजे धोका सातपट. तरीही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी निगेटिव्ह होत्या, आणि यात कंडोमचा वाटा मोठा आहे. ‘या बायकांमुळे रोग पसरतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा उलट्या बाजूनंही वाचावा.

रिॲक्टिव्हनंतर

तपासणी पीअरच्याच घरी झाली होती. बोट टोचून थेंबभर रक्त, वीस मिनिटांत निकाल. इथे निघालेल्या रिॲक्टिव्हला पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं. ग्रामीण रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच निदान पक्कं होतं. अक्काला हे माहीत होतं, तिनं ते इतर कितीजणींना समजावून सांगितलं होतं. तरी ती आयसीटीसीत जायला तयार होईना. कारण तिथली सिस्टर तिच्या मुलीच्या मैत्रिणीची आई.

शेवटी दुसऱ्या तालुक्याच्या आयसीटीसीत जायचं ठरलं. अशी सोय करता येते, त्याला कुठली खास परवानगी लागत नाही, हे बऱ्याच बायकांना कोणी सांगतच नाही. तिन्ही किटवर निकाल तोच आला.

सहा महिन्यांपूर्वीची तपासणी निगेटिव्ह होती. संसर्ग झाल्यावर तपासणीत दिसायला काही आठवडे, फार तर तीन महिने लागतात. म्हणजे संसर्ग गेल्या आठ-नऊ महिन्यांतला. त्या काळात कधी कंडोम फाटला होता का, कोणी जबरदस्ती केली होती का, हे समुपदेशक मॅडमनी एकेक करून विचारलं. नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता: घरी कोण आहे?

‘तो मना माणूस शे, गिऱ्हाईक नही,’ ती म्हणाली. मॅडम गप्प राहिल्या तेव्हा पुढे तिनंच विचारलं, ‘घरमा ते कसाले लागस?’

घरचा माणूस

तो आधी लांबच्या मार्गावर केळीची गाडी चालवायचा. आता शेतातून माल भरणीच्या जागेपर्यंत पिकअप चालवतो. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणूनच आला होता. २०२० च्या टाळेबंदीत धंदा ठप्प झाला, पण शेतमालाच्या गाड्या चालू होत्या, आणि तो दर आठवड्याला पीठ-तेल आणून टाकायचा. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देहविक्रय करणाऱ्या बायकांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा द्यायला सांगितलं. राज्य सरकारनंही त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा पाच हजार रुपयांची मदत जाहीर केली. अक्काला त्यातलं काही मिळालं नाही. यादीत नाव घालायचं म्हणजे गावात कळणार, या भीतीनं तिनं नाव दिलंच नव्हतं. तिला जेवायला घातलं ते या माणसानं. नंतर तो राहायलाच आला. देवळात जाऊन गळ्यात काळी पोत घातली. अशा माणसासमोर कंडोम काढणं म्हणजे त्याला परत गिऱ्हाईक करणं, हे तिचं म्हणणं समजायला अवघड नाही.

त्यात त्याला मूल हवं होतं. आमच्या एकाही पत्रकात, एकाही फ्लिपचार्टवर ‘मूल हवं असेल तर काय करायचं’ याचं उत्तर नव्हतं. सगळीकडे कंडोम, कंडोम, कंडोम. ज्या बाईला आई व्हायचं आहे तिला हा सल्ला कानाआड टाकण्याखेरीज गत्यंतर नसतं.

त्याला तपासणीसाठी कसं आणायचं, हा नाजूक भाग. पॉझिटिव्ह व्यक्तीच्या जोडीदाराची तपासणी हा कार्यक्रमाचाच भाग आहे, पण घाई केली तर बाईच्या जिवावर येऊ शकतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा (तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला) याबाबत स्पष्ट आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक ठरावीक अटींवरच जोडीदाराला सांगू शकतात. सांगितल्यामुळे, विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही. म्हणून मॅडमनी आधी हेच विचारलं: तो हात उचलतो का? दारू प्यायल्यावर? घराचं भाडं कोण भरतं? त्यानं हाकललं तर कुठे जाशील? हात उचलत नाही, भाडं ती भरते, खोली तिच्या नावावर. मग ठरलं की तिनंच सांगायचं, पण एकटीनं नाही, आयसीटीसीत, दोघांना एकत्र बसवून.

तो आला तेव्हा एक जुनी गोष्ट निघाली. काही वर्षांपूर्वी त्याला कमरेला नागीण उठली होती. गावच्या जाणकारानं लेप लावला, मंत्र म्हटला, महिनाभर आग होत राहिली. त्यानंतर वजन उतरत गेलं, ते ‘ड्रायव्हरकीमुळे’. तरुण माणसाला नागीण उठली तर एचआयव्हीची तपासणी करून पाहावी, हा वैद्यकातला जुना नियम आहे. पण तो ज्यांच्याकडे गेला त्यांच्यापर्यंत हा नियम पोहोचलेला नव्हता. त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली निघाला, म्हणजे संसर्ग बराच जुना. खोकला, ताप, वजनघट, रात्रीचा घाम या चार गोष्टी विचारल्यावर टीबीचाही संशय आला. तो तपासून घ्यावा लागला.

कोणाकडून कोणाला, हे रक्ताची तपासणी सांगत नाही. तारखा आणि सीडी४ पाहून अंदाज बांधता येतो, एवढंच. अक्कानं तो बांधला आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानं तिला ‘तूच दिलास’ म्हणून पाहिलं, पण तिची सहा महिन्यांपूर्वीची निगेटिव्हची चिठ्ठी तिच्याकडे होती. दर सहा महिन्यांच्या तपासणीचा असाही उपयोग होतो, हे कुठल्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं नाही.

तो ट्रकचालकांसाठीच्या प्रकल्पात का नव्हता, हा रास्त प्रश्न. लांबच्या गाड्यांच्या थांब्यांवर असे प्रकल्प चालतात. पण तो आता स्थानिक पिकअप चालवतो, म्हणजे तिथल्या व्याख्येबाहेर. इकडे बायकांच्या प्रकल्पात पुरुषांची नोंदच नाही. दोन्ही चाळण्यांतून खाली पडला.

गोळी आणि बाटली

सरकारी केंद्रात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान होताच गोळ्या सुरू करतात. दोघांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी सुरू झाली, दिवसाला एक. अक्काला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. लोह किंवा कॅल्शियमबरोबर डोलुटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही, म्हणून एआरटीची गोळी रात्री आणि लोहाची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी असं वेळापत्रक करून दिलं. या साध्या गोष्टीची आठवण फार कमी जणांना असते.

खरी अडचण आखाजीला आली. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आठवडाभर राहतात. अक्काही जाणार होती, आणि तिची मुलगी तिथेच, आजोळी शिकते. ‘बाटली कशी लई जाऊ?’ तिनं फोनवर विचारलं. गोळ्यांच्या बाटलीचा खुळखुळाट आणि वरचं लेबल, दोन्ही घरात बोलणार. गोळ्या काढून पुडीत बांधल्या तर दमट हवेनं खराब होतील. पीअरनं तोडगा सांगितला: लेबल काढ, बाटलीत कापूस भर, आतली ओलावा शोषणारी पुडी तशीच राहू दे. खान्देशात कापसाला तोटा नाही. ती आठवडाभर राहून आली, एकही गोळी चुकली नाही.

एचआयव्ही बाधितांना एसटी प्रवासात सवलत आहे. ती घेत नाही. कंडक्टरला कार्ड दाखवायचं आणि कंडक्टर तालुक्याचाच, म्हणजे झालं.

पर्स आणि पोलीस

मधे एक वेगळी गोष्ट घडली, ती सांगायला हवी. अक्का ज्या लॉजवर जायची तिथे छापा पडला आणि बायकांच्या पर्समधले कंडोम पुरावा म्हणून पंचनाम्यात लिहिले गेले. त्यानंतर कित्येक आठवडे तिथल्या बायका कंडोम जवळ ठेवीनात. ‘लॉजवाला देतो’ म्हणायच्या; लॉजवालाही ठेवीनासा झाला. उरलेले कंडोम एकीनं पत्र्याच्या छताखाली डब्यात लपवले. भुसावळ-जळगावकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, त्यात पत्रा. उन्हानं रबर कमकुवत होतं, मग त्या डब्यातलं सगळं फेकून द्यावं लागलं.

हे व्हायला नको होतं. २०१७ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की धोका कमी करण्यासाठी कंडोम देणं किंवा वापरणं हा गुन्हा ठरू शकत नाही, आणि त्या कलमात उदाहरण दिलं आहे तेच मुळी देहविक्रय करणाऱ्या बाईचं आणि तिच्या गिऱ्हाइकाचं. सर्वोच्च न्यायालयानंही १९ मे २०२२ च्या आदेशात म्हटलं की अशा बायका आरोग्यासाठी कंडोमसारख्या ज्या गोष्टी वापरतात त्यांना गुन्हा समजू नये आणि गुन्ह्याचा पुरावाही मानू नये. प्रकल्प व्यवस्थापकानं दोन्हींच्या मराठी प्रती काढून ठाण्यात नेऊन दिल्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना एका बैठकीला बोलावलं. ठाण्यातले साहेब ऐकून घेणारे निघाले, म्हणून निभावलं. ते बदलून गेले तर परत पहिल्यापासून.

काय बदललं

कार्डावर एक रकाना वाढला: ‘घरचा माणूस किंवा कायमचा जोडीदार’, आणि त्याच्याबरोबरचा शेवटचा संबंध कंडोमसह होता का. सुरुवातीला बायकांनी तो रकाना कोराच ठेवला. पीअरनं स्वतःचं आधी भरून दाखवलं, तेव्हा हळूहळू बाकीच्यांचं भरू लागलं. आता पुन्हापुन्हा पांढरं जाण्याची तक्रार असलेल्या प्रत्येकीचं कार्ड महिन्याला एकदा डॉक्टर आणि पीअर एकत्र वाचतात. जोडीदारासाठी किट घरी द्यायची सोय झाली. संध्याकाळी उशिरा, आपल्या माणसाला घेऊन येता येईल अशी तपासणीची वेळ ठेवली. पुरुष फार येतात असं नाही, पण येतात.

आणि मुलाचा प्रश्न बोलायला सुरुवात झाली. दोघंही नियमित गोळ्या घेत असतील, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल, तर मूल होऊ द्यायचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. गरोदरपणात गोळ्या चालू ठेवायच्या, बाळंतपण दवाखान्यात, बाळाला जन्मल्यापासून औषध आणि सहाव्या आठवड्यात तपासणी. हे ऐकल्यावर अक्काच्या माणसानं पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारला: किती दिवस थांबायचं? मॅडमनी सांगितलं, सहा महिन्यांनी व्हायरल लोड बघू, तोवर घरीही कंडोम.

अक्काचा सहा महिन्यांचा व्हायरल लोड हजाराच्या खाली, म्हणजे दबलेला आला. त्याचा आला नाही. रात्रीच्या फेऱ्यांमुळे गोळ्या चुकत होत्या, हे त्यानं समुपदेशनात कबूल केलं. गोळीची वेळ आता सकाळच्या चहाला बांधली आहे, आणि गोळ्या नियमित झाल्या की काही महिन्यांनी लोड परत बघायचा आहे. तोवर मुलाचं लांबणीवर. अक्काला पीअर व्हायचं विचारलं होतं. ती म्हणाली, समजावून सांगायचं काम करीन, पण मानधनाच्या यादीत नाव नको, ती यादी बँकेत जाते.